विश्लेषण : बसता येत नव्हते, तरी देश पालथा घातला! बाबा आमटे यांचे मणक्याचे दुखणे काय होते? मानेत मज्जारज्जू दाबला गेला तर शस्त्रक्रियेने काय साधते?

आगरदांडा (ता. मुरुड) : मान दुखते म्हणून बाम चोळणारे घरोघरी आहेत. पण मानेतला मज्जारज्जू दाबला जाऊ लागला, तर दुखणे मानेपुरते राहत नाही. बोटे आणि पाय ऐकेनासे होतात. मणक्यांच्या झिजेने आयुष्याची पुढची अनेक वर्षे फक्त उभे राहून किंवा आडवे पडून काढलेला महाराष्ट्रातला सर्वांत परिचित माणूस म्हणजे बाबा आमटे. त्यांचा हा प्रवास आणि त्यामागचे वैद्यकीय गणित समजून घेऊ.

बाबा आमटे कोण होते?

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे, तरुणपण ऐषआरामाचे. शिक्षण वकिलीचे. वरोऱ्यात वकिली सुरू असतानाच ते सफाई कामगारांच्या प्रश्नात उतरले आणि सुमारे नऊ महिने स्वतः मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या. याच काळात पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. त्याला पाहून आधी ते घाबरून दूर झाले. मग त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

1946 मध्ये त्यांचा विवाह इंदू घुले यांच्याशी झाला. त्याच पुढे साधनाताई झाल्या. 1949 मध्ये बाबांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले. 1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहू लागले. उद्घाटन विनोबा भावे यांच्या हस्ते झाले. सुरुवातीला सोबत होते सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये. झाडी तोडणे, दगड फोडणे, विहीर खणणे ही कामे बाबांनी रुग्णांच्या बरोबरीने केली.

त्यांना नेमका कोणता आजार होता?

स्पाँडिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज. बाबांच्या बाबतीत ती मानेत आणि कमरेत अशी दोन्हीकडे होती. उपचार झाले, शस्त्रक्रियाही झाली, तरी कणा पूर्ववत झाला नाही. खुर्चीत बसणे जवळपास बंद झाले. जेवण, बैठका, पत्रव्यवहार, पाहुण्यांशी गप्पा हे सगळे उभ्याने किंवा पलंगावर पडून होऊ लागले.

झीज झालेल्या प्रत्येकाचा मज्जारज्जू दाबला जातोच असे नाही. वय वाढते तशी थोडीफार झीज बहुतेकांच्या मानेत होते. त्यातल्या थोड्याच जणांमध्ये ती मज्जारज्जूपर्यंत पोहोचते.

मज्जारज्जूवर दाब म्हणजे काय?

मानेत सात मणके असतात. त्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे सगळे संदेश त्यातूनच जातात. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या सुकतात आणि मागे सरकतात. मणक्यांच्या कडांना हाडाची टोके फुटतात, अस्थिबंध जाड होतात. पोकळी अरुंद झाली की मज्जारज्जू चेपला जातो आणि त्याचा रक्तपुरवठाही बिघडतो.

हा दाब अनेकदा फारसा दुखत नाही. त्यामुळेच तो उशिरा ध्यानात येतो.

कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत?

• शर्टाची बटणे लावणे, सुईत दोरा ओवणे, जाळ्याची गाठ मारणे अचानक जड जाणे
• अक्षर बिघडणे, हातातून वस्तू निसटणे
• चालताना तोल जाणे, पाय ताठर वाटणे
• मान पुढे वाकवताच पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाणे
• लघवी किंवा शौचावरचा ताबा कमी होणे

यातले एखादे लक्षण दिसले तर मालिश, मान मोडून घेणे किंवा झटका देणे टाळावे. आधीच दाबलेल्या मज्जारज्जूला त्याने आणखी इजा होऊ शकते. डॉक्टर हातापायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात, मग एमआरआय सांगतात. बोटांचा बधिरपणा मधुमेहाने किंवा कुष्ठरोगानेही येतो. म्हणून स्वतःच निदान करू नये.

शस्त्रक्रिया कशी होते?

मुख्य मार्ग दोन. पहिला समोरून : गळ्याच्या बाजूने छोटा छेद घेऊन खराब चकती आणि हाडाची टोके काढतात. रिकाम्या जागी हाडाचा तुकडा किंवा पिंजऱ्यासारखा आधार बसवतात, गरजेनुसार पट्टी व स्क्रू लावतात. ही पद्धत 1950 च्या दशकात रुळली.

दुसरा मागून : मणक्याची मागची कमान काढून टाकतात किंवा दार उघडावे तशी उघडी करून ठेवतात. पोकळी रुंद होते आणि मज्जारज्जूला जागा मिळते. कमान उघडण्याचे तंत्र 1970 च्या दशकात जपानमध्ये विकसित झाले. दाब किती मणक्यांवर आणि कोणत्या बाजूने आहे, यावरून मार्ग ठरतो.

दाब मध्यम किंवा तीव्र असेल, किंवा लक्षणे वाढत असतील, तर सहसा शस्त्रक्रियाच सुचवली जाते. लक्षणे सौम्य असतील तर देखरेखीखाली व्यायाम आणि ठरावीक दिवसांनी फेरतपासणी हा पर्याय असतो.

धोके कोणते?

समोरून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गिळताना त्रास होतो किंवा आवाज बसतो. बहुतेकांचा हा त्रास ओसरतो. काहींना खांदा उचलायला जड जाते. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, मज्जारज्जूला इजा हे धोके कमी प्रमाणात असले तरी असतात. ते आधीच विचारून घ्यावेत.

बरे व्हायला किती वेळ लागतो?

अनेक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी आधाराने चालवतात. मानेचा पट्टा लावायचा की नाही, किती दिवस, हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते. खरी मेहनत घरी गेल्यावर सुरू होते : तोल सांभाळण्याचा सराव, बोटांचे व्यायाम, हळूहळू वाढवलेले चालणे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, नंतरही वर्षभर किंवा अधिक काळ ती थोडी थोडी चालू राहू शकते.

शस्त्रक्रियेचा पहिला उद्देश नुकसान पुढे वाढू न देणे हा असतो. गेलेली ताकद किती परत येईल, हे दाब किती दिवस होता आणि किती तीव्र होता यावर अवलंबून असते. वर्षानुवर्षे दाबलेला मज्जारज्जू मोकळा केला, तरी काही बधिरपणा किंवा ताठरपणा कायम राहू शकतो. म्हणूनच लवकर तपासणीला एवढे महत्त्व आहे.

कणा बिघडल्यावर बाबांनी काय केले?

कुष्ठरोगाने बोटे गमावलेल्या माणसांसाठी आनंदवनात जे केले गेले, तेच त्यांनी स्वतःसाठी केले. तिथे उरलेल्या अवयवांना झेपेल असे काम शोधले जाई. शेती, विणकाम, सुतारकाम अशी कामे त्याच हिशेबाने बसवली गेली. बाबांनीही उभे राहणे आणि झोपणे या दोनच अवस्थांत बसेल असा दिवस आखला.

डिसेंबर 1985 मध्ये, वयाच्या 71 व्या वर्षी, त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने भारत जोडो यात्रा सुरू केली. तरुण-तरुणी सायकलवर होते आणि बाबा गाडीत पडून प्रवास करत होते. 1988 मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून गुजरातमधल्या ओखापर्यंत गेली. 1990 मध्ये आनंदवन सोडून ते मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले आणि धरणविरोधी आंदोलनाच्या पाठीशी उभे राहिले. तिथला मुक्काम सुमारे दशकभराचा होता. याच वर्षांत त्यांना मॅगसेसे (1985), पद्मविभूषण (1986), टेम्पल्टन (1990) आणि गांधी शांतता पुरस्कार (1999) मिळाले.

यामागे साधनाताई आणि कार्यकर्त्यांचा रोजचा हातभार होता. कण्याच्या रुग्णाच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. उठवणे, चालवणे, व्यायाम करून घेणे हाही उपचाराचाच भाग असतो. 9 फेब्रुवारी 2008 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी, आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्याआधी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता.

आगरदांड्याच्या वाचकांसाठी याचे महत्त्व काय?

डोक्यावर सतत ओझे वाहणाऱ्यांमध्ये मानेच्या मणक्यांची झीज जास्त आढळते, असे वेगवेगळ्या देशांतल्या हमालांच्या पाहण्यांत दिसले आहे. चुंबळ ठेवून माशांची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बायका आणि बर्फाच्या लाद्या वाहणारे कामगार किनाऱ्यावर आजही आहेत. नारळ-सुपारीच्या झाडावरून पडून मानेला होणारी इजा हा वेगळा, अचानक ओढवणारा धोका. अशा वेळी मान अजिबात न हलवता, फळीवर सरळ झोपवून रुग्णाला हलवावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

पहिली तपासणी मुरुडला किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात करता येते. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र बहुतेकांना पनवेल-मुंबईकडे जावे लागते. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत. बटण लावताना बोटे अडखळू लागली असतील, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबू नये.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)