जेम्स वॅट आणि शक्तीचे मोजमाप



आपल्या विद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत यंदा एक डिजिटल वॅटमीटर आले आहे. भिंतीवरचे सॉकेट आणि उपकरण यांच्या मध्ये ते लावले, की ते उपकरण त्या क्षणी किती वॅट शक्ती घेत आहे हे पडद्यावर आकड्यांत दिसते. हे वॅट कोण, असे मुले विचारतात. एडिसनप्रमाणे विजेचे कोणी शोधक असावेत, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः जेम्स वॅट वाफेच्या इंजिनाचे कारागीर होते. विजेशी त्यांचा संबंध आला नाही, तरी या मीटरला त्यांचेच नाव शोभते असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. प्रकृती नाजूक, डोकेदुखीचा त्रास कायमचा. त्यामुळे शाळेपेक्षा वडिलांच्या कार्यशाळेत हत्यारे हाताळण्यात बालपण गेले. १७५५ मध्ये ते लंडनला गेले आणि मोजमापाची उपकरणे बनविण्याचे काम एका वर्षात शिकून आले. रीत सात वर्षांच्या उमेदवारीची होती. म्हणून ग्लासगोच्या कारागीर संघाने त्यांना दुकान काढू दिले नाही. तेव्हा तेथील विद्यापीठाने आपल्या आवारातच त्यांना जागा दिली. येथे लक्षात घ्यावे, की वॅट मुळात मोजण्याची साधने करणारे होते, इंजिने नंतर आली.

किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून बाळ जेम्सने इंजिन शोधले, ही गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. आम्ही ती मुलांना सांगत नाही. वाफेवर पाणी उपसणारे न्यूकोमेन यांचे इंजिन १७१२ पासून, म्हणजे वॅट जन्मण्याच्या आधीपासून, चालू होते. १७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठाचा त्या इंजिनाचा छोटा नमुना दुरुस्तीसाठी वॅट यांच्याकडे आला. प्रत्येक फेऱ्यात सिलिंडर वाफेने तापवायचे आणि मग थंड पाण्याने निववायचे, असा त्याचा प्रकार होता. प्रत्येक पोळीनंतर तव्यावर पाणी ओतावे आणि तवा पुन्हा तापवावा, तसेच हे! बहुतेक कोळसा सिलिंडर तापविण्यातच जाई. १७६५ मध्ये त्यांना उपाय सुचला: वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र, म्हणजे संघनक, जोडावे आणि सिलिंडर गरमच राहू द्यावे.

कल्पना आणि चालते यंत्र यांत मात्र अकरा वर्षे गेली. १७६९ मध्ये पेटंट मिळाले. पहिले भागीदार कर्जात बुडाले. पोटासाठी वॅट कालव्यांची पाहणी करीत फिरले. १७७३ मध्ये पत्नी मार्गारेट वारल्या. पुढच्या वर्षी ते बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टन या उद्योजकाकडे गेले, तेव्हा कुठे दिवस फिरले. १७७६ मध्ये इंजिने कामाला लागली.

आता खरी अडचण आली ती पैशाची. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या व कथिलाच्या खाणींत पाणी उपसण्यास इंजिने हवी होती, पण तेथे कोळसा बाहेरून जहाजाने येई आणि महाग पडे. बोल्टन आणि वॅट यांनी खाणमालकांशी करार केला: जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या एक-तृतीयांश किंमत आम्हांस द्यावी. पण वाचला किती, हे ठरवणार कोण? मग वॅट यांनी इंजिनाच्या हलत्या तुळईवर कुलूपबंद पेटीत एक गणक बसविला. तुळई हलली, की काटा पुढे सरके. फेऱ्यांवरून हिशेब होई. आपल्या घरच्या सीलबंद बिजली मीटरचा हा पूर्वज समजावा. भांडणे तरीही थांबली नाहीत. काही मालकांनी पैसे देणे बंद केले आणि प्रकरण १७९९ पर्यंत न्यायालयात चालले.

१७८१ नंतर इंजिन चाके फिरवू लागले आणि गिरण्यांना उपयोगी झाले. तेथे जुने इंजिन नव्हते, घोडे होते. गिरणीवाले विचारीत, हे किती घोड्यांचे काम करील? वॅट यांनी हिशेब करून आकडा ठरविला: एक घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलतो. आजच्या मापात हे सुमारे ७४६ वॅट होतात. म्हणजे ३८ किलोचा एक विद्यार्थी एका सेकंदात दोन मीटर उचलणे. सामान्य घोडा दिवसभर हे करू शकत नाही, तेव्हा माप गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकलेले होते. शेतातल्या पाच हॉर्सपॉवरच्या पंपावर तोच घोडा आजही आहे.

पुढे त्यांनी सिलिंडरमधील दाब दाखविणारे छोटे साधन केले. १७९६ मध्ये त्यांचे सहायक जॉन सदर्न यांनी त्याला पेन्सिल आणि सरकता कागद जोडला. दट्ट्याच्या प्रत्येक जागी दाब किती, याची बंद आकृती कागदावर उमटे. आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या फेऱ्यातले कार्य. हे साधन बरीच वर्षे गुप्त ठेवले गेले. एकूण वॅट यांचा हात राखून देण्याचाच स्वभाव होता. पेटंट १८०० पर्यंत वाढवून घेतले, इतरांची सुधारलेली इंजिने अडविली, जास्त दाबाच्या वाफेला विरोध केला. पेटंट संपताच इंजिने झपाट्याने सुधारली, हेही मुलांनी जाणावे.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी ते वारले. १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककाला त्यांचे नाव सुचविले आणि १८८९ च्या पॅरिस परिषदेने ते स्वीकारले. भोपाळच्या भेल कारखान्यात बनत आलेल्या मोटारी आणि टर्बाइने यांची ताकद त्याच एककात सांगितली जाते. त्याच कारखान्याच्या नोकरीमुळे आपल्यातील काही कुटुंबे या शहरात आली.

आमचे वॅटमीटर सदर्न यांच्या पेन्सिलीचेच काम करते. ते व्होल्टेज आणि प्रवाह सेकंदात हजारो वेळा मोजते, प्रत्येक वेळी गुणाकार करते आणि सरासरी दाखविते. नुसते दोन मीटर लावून गुणाकार केला तर पंख्याच्या बाबतीत उत्तर जास्त येते, कारण प्रवाह व्होल्टेजच्या मागे राहतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज बारा तास चालला तर ०.९ युनिट विरुद्ध ०.३६. रिमोटने बंद केलेला टीव्हीसुद्धा थोडी बिजली खातो, तीही दिसते.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी शनिवारी घरून इस्त्री किंवा मिक्सर, पालकांना विचारून, आणावे. इस्त्री तापल्यावर आपोआप बंद होते तेव्हा आकडा कुठवर उतरतो आणि किती मिनिटांनी पुन्हा चढतो, ते वहीत लिहावे.