रेडफर्नची माउली : मम शर्ल

आपला गणपती हा गौरीचा लाडका लेक. आई आणि लेकरू यांच्या नात्याचाच हा उत्सव म्हटला तरी चालेल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी साता समुद्रापलीकडच्या एका माउलीचा परिचय करून देत आहे. त्यांचे नाव शर्ली स्मिथ. ऑस्ट्रेलियात लोक त्यांना ‘मम शर्ल’ म्हणजे शर्लआई म्हणून ओळखतात.

शर्लीबाईंचा जन्म १९२० च्या दशकात, न्यू साउथ वेल्स राज्यात काउराजवळच्या एराम्बी वस्तीत, विराजुरी या ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजात झाला. लहानपणापासून फेफऱ्याचा आजार. त्यामुळे शाळा अशी घडलीच नाही. आजोबांनी घरीच शिकवले.

तो काळ फार कठीण होता. १९०९ चा कायदा आणि १९१५ ची दुरुस्ती यांमुळे सरकारी मंडळाला ॲबोरिजिनल मुलांना कोर्टात न जाताच आईपासून तोडून नेता येत असे. ते मंडळ १९६९ मध्ये बंद झाले. तोवर हजारो मायलेकरांची ताटातूट झाली होती. दारात सरकारी माणूस दिसला की आया मुलांना लपवत.

पुढे शर्लीबाई सिडनीत आल्या. तिथल्या रेडफर्न भागाला लागूनच एव्हली हे रेल्वेचे मोठे वर्कशॉप १८८७ पासून सुमारे शंभर वर्षे चालले. आपण रेल्वेवाले जाणतोच, वर्कशॉप आले की भोवती वस्ती वाढते. कामाच्या शोधात आलेली अनेक ॲबोरिजिनल कुटुंबे इथेच स्थिरावली.

शर्लीबाईंचा भाऊ तुरुंगात होता. त्याला भेटता भेटता त्या इतर कैद्यांनाही भेटू लागल्या. नाते कोणते, असे पहारेकऱ्याने विचारले की त्या सरळ आई असल्याचे सांगत. तेच नाव कायमचे झाले. सरकारने त्यांना तुरुंगभेटीचा परवाना दिला आणि पुढे काढूनही घेतला. आधार नसलेली मुले त्यांच्याच घरी राहू लागली. अशी साठाहून अधिक मुले त्यांनी वाढवली.

पण एका घरात किती मुले मावणार? १९७१ मध्ये रेडफर्नला ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस सुरू झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. अपमानाच्या आणि मूल हिरावले जाईल या भीतीने आया दवाखान्याची पायरी चढत नसत. इथे डॉक्टर स्वेच्छेने येत आणि कारभार समाजाच्याच हाती असे. घरोघरची परिस्थिती शर्लीबाईंना ठाऊक असल्याने कोणाच्या घरी नुसत्या औषधाने भागणार नाही, हे त्यांना कळे. १९७५ मध्ये त्यांच्या सहभागाने ॲबोरिजिनल चिल्ड्रेन्स सर्व्हिस उभी राहिली. अडचणीतले मूल शक्यतो आपल्याच माणसांत वाढावे, हा तिचा आग्रह.

१९७७ आणि १९८५ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाले. २८ एप्रिल १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. मुले हिरावल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. ती ऐकायला मम शर्ल नव्हत्या. मात्र रेडफर्नच्या धर्तीवर समाजानेच चालवलेले शंभराहून अधिक दवाखाने आज त्या देशात आहेत.

आपणही गाव सोडून नोकरीसाठी इथे आलो. आजारपणात, बाळंतपणात शेजारच्या काकू-मावशीच धावून आल्या. त्यामुळे मम शर्लची थोरवी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. या माउलीला माझे विनम्र अभिवादन.

गणपती बाप्पा मोरया!