गांधीजींचा वक्तशीरपणा



फजरच्या अजानला जागे होणाऱ्या घरांत आपण वाढलो. तरीही शाळेची घंटा झाल्यावर फाटकातून धावत शिरणारी मुले आपलीच असतात, आणि घरचे घड्याळ मागे होते ही सबब त्यांच्या ओठांवर तयार असते. ही सबब पुष्कळदा खरीही असते. म्हणून महात्मा गांधींच्या बालपणीची एक हकीकत सांगतो. गांधीजी वऱ्हाडाला परके नव्हेत. त्यांचे चिरंजीव मणिलाल यांचा विवाह मार्च 1927 मध्ये अकोल्याच्या मशरूवाला घराण्यातील सुशीलाबेन यांच्याशी झाला होता.

गांधीजींचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदरला झाला. शिक्षण राजकोटला चालले होते. तेथील पारशी हेडमास्तर दोराबजी गिमी यांनी वरच्या वर्गांना कसरत सक्तीची केली. मोहनदासाला ती नकोशी वाटे, कारण शाळा सुटताच त्याला आजारी वडिलांच्या सेवेला जायचे असे. एका शनिवारी शाळा सकाळची होती व कसरत दुपारी चारला. जवळ घड्याळ नव्हते, आभाळ भरून आलेले. उन्हाचा अंदाज चुकला आणि तो पोहोचला तेव्हा मुले निघून गेली होती. हेडमास्तरांनी विचारताच त्याने खरे ते सांगितले. त्यांना ते पटले नाही. आणा-दोन आण्यांचा दंड झाला.

पैशांचे त्याला काही वाटले नाही. आपण खोटे ठरलो, म्हणून तो रडला. खरे बोलणाऱ्याने गाफील राहून चालत नाही, हे त्याला त्या दिवशी उमगले. पालकांनो, पुढे वडिलांनी स्वतः चिठ्ठी लिहून त्याला कसरतीतून मोकळे करून घेतले. ती चिठ्ठी आधीच गेली असती तर? पण मग कदाचित हा धडाही मिळाला नसता.

सवय मात्र एका दंडाने लागत नाही. विलायतेत शिकताना ते रोज रात्री पै-पैचा हिशेब लिहीत. 1893 मध्ये दादा अब्दुल्ला शेठ यांच्या पेढीच्या खटल्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि पुढे तेथेच वकिली करू लागले. जोहान्सबर्गला असताना सकाळी दात घासायला पंधरा मिनिटे व स्नानाला वीस मिनिटे लागतात, हे त्यांनी हेरले. दात घासताना समोरच्या भिंतीवर गीतेच्या श्लोकांच्या चिठ्ठ्या लावून त्यांनी तेरा अध्याय पाठ केले. ज्यांच्या घरी कोणी हाफिज आहे त्यांना रोजच्या थोड्या वेळाची ही किंमत वेगळी सांगायला नको. आपल्या शेतकऱ्यालाही वाफसा गेला की पेरणी हुकते हे ठाऊक असते.

पुढे कमरेला लटकणारे घड्याळ ही त्यांची ओळखच झाली. 12 मार्च 1930 रोजी सकाळी साडेसहाला साबरमतीहून दांडीयात्रा निघाली, तेव्हा साठ वर्षांचे गांधीजी सर्वांच्या पुढे होते.

30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत सायंकाळची प्रार्थना पाचला होती. सरदार पटेलांशी बोलणे लांबले. अडवायचे कसे, म्हणून मनू व आभा घुटमळत राहिल्या; शेवटी घड्याळ दाखवले. सुमारे दहा मिनिटे उशीर झाला होता. मला वेळेवर का उठवले नाही, म्हणून त्या दोघींना रागावतच गांधीजी भरभर चालत निघाले. प्रार्थनेच्या जागी लोक वाट पाहत होते. तेथे पोहोचण्यापूर्वीच वाटेत गोळ्या सुटल्या.