माल्कम लॉकहीड

माल्कम लॉकहीड (१८८६ – १९५८) हे अमेरिकन संशोधक व विमान-उद्योजक होते. मोटारगाडीच्या चारही चाकांना लागणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

त्यांच्या आई फ्लोरा हेन्स लॉगहेड या लेखिका होत्या. कुटुंबाचे आडनाव 'लॉगहेड' असे लिहिले जाई. उच्चार मात्र 'लॉकहीड' होता. माल्कम यांनी पुढे उच्चारानुसारी लेखन स्वीकारले. बंधू ॲलन यांच्यासह त्यांनी बांधलेले विमान १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे उडाले. १९१६ मध्ये दोघांनी विमान कंपनी काढली. १९१९ मध्ये ती सोडून माल्कम डेट्रॉइटला गेले.

हायड्रॉलिक ब्रेक

त्या काळी ब्रेक सळ्यांनी व तारांनी ओढले जात. ताण असमान पडल्यास गाडी एका बाजूला ओढली जाई. बंदिस्त द्रवातील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, या तत्त्वावर लॉकहीड यांनी पेडलचा जोर नळ्यांतील द्रवावाटे चाकांच्या ड्रमपर्यंत नेला. १९२१ मध्ये असे ब्रेक असलेल्या ड्यूसेनबर्ग गाडीने फ्रेंच ग्रांप्री शर्यत जिंकली.

तथापि चामडी वाट्यांतून द्रव झिरपे आणि द्रव गळाला की ब्रेक निकामी होत. क्रायस्लर कंपनीच्या अभियंत्यांनी त्याऐवजी रबरी वाट्या बसवल्या. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत ही सुधारित रचना आली. या सुधारणांच्या मोबदल्यात लॉकहीड यांनी क्रायस्लरला स्वामित्वशुल्क माफ केले.

१९३२ मध्ये त्यांनी आपली ब्रेक कंपनी बेंडिक्सला विकली. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये स्वीकारले. जुन्या गाड्यांच्या ड्रम ब्रेकमध्ये रबरी वाट्या बदलणे हे आजही दुरुस्तीचे एक काम असते.