थंड उजेडाचा माणूस : ओलेग लोसेव्ह

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गव्हाणीत मोळी पडली, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील साखर कारखाने पुढचे काही महिने रात्रंदिवस चालू राहतात. माळेगाव असो, सोमेश्वरनगर असो की भवानीनगर, उसाचा रस काढणाऱ्या मिलची शेड दोन-तीन मजली घराइतकी उंच असते. एवढ्या उंचीवरून खालच्या यंत्रापर्यंत उजेड पोचवायचा, तर दिवा दांडगा लागतो. म्हणून अशा शेडमध्ये वर्षानुवर्षे ४०० वॉटचे मर्क्युरी, सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिवे टांगले जात. एमआयडीसीतील कारखाने, गोदामे, बंदिस्त क्रीडा संकुले, मोठी मंगल कार्यालये, सगळीकडे तीच पद्धत होती. आता या दिव्यांची जागा एलईडी घेत आहे. निम्म्याहून कमी विजेत जवळपास तेवढाच उजेड मिळतो, हे त्याचे साधे कारण.

एलईडीचा शोध कोणी लावला, या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. १९६२ मध्ये लाल एलईडी बनवणारे अमेरिकेचे निक होलोन्याक, किंवा निळ्या एलईडीसाठी २०१४ चे नोबेल मिळवणारे आकासाकी, अमानो आणि नाकामुरा. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण त्यांच्याही कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, रशियातल्या एका तरुण तंत्रज्ञाने हा उजेड ओळखला, मोजला आणि त्याचा अर्थ लावला. त्यांचे नाव ओलेग व्लादिमिरोविच लोसेव्ह. इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात आज ते मानाने घेतले जाते. त्यांच्या आयुष्याची अखेर मात्र एका वैद्यकीय संस्थेत उपासमारीने झाली.

लोसेव्ह यांचा जन्म १० मे १९०३ रोजी व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहरात झाला. वडील झारच्या सैन्यातले निवृत्त कॅप्टन होते आणि रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या कार्यालयात काम करीत. त्वेरमध्ये लष्कराचे बिनतारी संदेश केंद्र होते. तिथल्या प्रमुखाचे व्याख्यान शाळकरी वयात ऐकल्यावर ओलेगना रेडिओचे वेड लागले, ते कायमचे. १९२० मध्ये शाळा संपली. क्रांतीनंतरचे ते दिवस मोठ्या धामधुमीचे होते. सुखवस्तू घराण्यात जन्म हा त्या काळात आधार नव्हता, उलट अडचणच होती. त्याच वर्षी ते निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत दाखल झाले. काम हरकाम्याचे, निरोप पोचवण्याचे. राहायला खोली नव्हती, तेव्हा जिन्याच्या माथ्यावर, माळ्याच्या दारापाशीच त्यांनी मुक्काम केला.

त्या काळातला साधा रेडिओ म्हणजे एक खनिजाचा खडा आणि त्यावर अलगद टेकवलेली बारीक तार. या जोडीला डिटेक्टर म्हणत. असा डिटेक्टर गॅलेना या खनिजापासून बनवून १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळवणारे शास्त्रज्ञ आपले जगदीशचंद्र बोस होते. खड्यावर तार कुठे टेकवली तर काय होते, हे तासन्‌तास तपासणे लोसेव्ह यांना आवडे. जानेवारी १९२२ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्यांना दिसले की झिंकाइटच्या खड्यावरचे काही ठरावीक बिंदू रेडिओचा क्षीण संकेत केवळ पकडत नाहीत, तो वाढवतातही. काचेच्या व्हॉल्व्हशिवाय चालणारा त्यांचा रेडिओ दोन वर्षांत क्रिस्टोडाइन या नावाने अमेरिकेच्या मासिकांपर्यंत पोचला. ट्रान्झिस्टर यायला तेव्हा अजून वीसहून अधिक वर्षे बाकी होती.

हे काम चालू असतानाच खड्यातून येणाऱ्या उजेडाकडे त्यांचे लक्ष गेले. खडा कार्बोरंडमचा होता. धार लावण्याच्या चाकात वापरतात तोच पदार्थ, रासायनिक नाव सिलिकॉन कार्बाइड. त्याच्यातून वीज सोडली, की तार टेकलेल्या जागी मंद हिरवट ठिपका चमकत असे. इंग्लंडच्या हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच असा उजेड पाहिला होता. पण त्यांनी त्याची एक छोटी नोंद प्रसिद्ध केली आणि ते दुसऱ्या कामाला लागले. लोसेव्ह यांनी मात्र त्या ठिपक्याचा पाठपुरावा पुढची कित्येक वर्षे सोडला नाही.

पहिला प्रश्न अगदी सरळ होता. हा उजेड उष्णतेचा आहे का? लोहाराच्या भट्टीतले लोखंड तापून लाल होते, बल्बमधली तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापून पांढरी होते. खड्यावरचा बिंदूही तसाच तापून चमकत असेल, अशी शंका येणे स्वाभाविक होते. सुईच्या टोकाएवढ्या जागेचे तापमान मोजायला त्यांच्याकडे कोणतेही महागडे साधन नव्हते. त्यांनी चमकणाऱ्या पृष्ठभागावर बेंझिनचा एक थेंब ठेवला आणि तो किती वेगाने उडून जातो ते पाहिले. बेंझिन थोड्याशा उष्णतेनेही झपाट्याने उडते. इथे तो थेंब सावकाशच उडाला. म्हणजे जागा तापलेली नव्हती. उजेड होता, पण तो थंड होता.

मग इतर पुरावे गोळा झाले. विजेचा दाब किती असताना उजेड सुरू होतो, प्रवाह वाढवला तर तो किती वाढतो, तापमान बदलले तर काय होते, याच्या नोंदी त्यांनी केल्या. हा उजेड अत्यंत वेगाने चालू-बंद करता येतो, हेही त्यांच्या लक्षात आले. तापलेल्या तारेला निवायला वेळ लागतो, त्यामुळे तिच्याकडून ते होत नाही. १९२७ मध्ये त्यांनी यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला आणि या उजेडाच्या साह्याने संदेश पाठवणाऱ्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्पष्टीकरणासाठी त्यांनी आइन्स्टाइनच्या प्रकाशविद्युत सिद्धांताचा आधार घेतला. तिथे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. इथे नेमके उलटे घडत असावे, इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा सोडून देतो आणि ती प्रकाश होऊन बाहेर येते. आजच्या एलईडीचे मर्म हेच आहे. उजेडासाठी आधी काहीतरी तापवण्याची गरज नाही. जुन्या बल्बमध्ये दहातले नऊ भाग वीज उष्णतेत जाई आणि जेमतेम एक भाग उजेडात. विजेची बचत होते ती या फरकामुळे.

१९२८ मध्ये निझ्नी नोव्हगोरोदची प्रयोगशाळा बंद झाली आणि लोसेव्ह लेनिनग्राडला आले. रशियन, जर्मन आणि इंग्रजी नियतकालिकांत त्यांचे लेख छापून येत होते, तरी पदवी नसल्याने हुद्दा तंत्रज्ञाचाच राहिला. १९३७ पासून ते लेनिनग्राडच्या पहिल्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवू लागले. १९३८ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ अब्राम इयोफे यांच्या संस्थेने, प्रबंध न मागता, केवळ झालेल्या कामावर त्यांना पीएच.डी.च्या तोडीची पदवी दिली. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. शहर सोडण्याची संधी असूनही लोसेव्ह थांबले, कारण सिलिकॉनवरचे प्रयोग अर्धवट होते. संस्थेत राहून त्यांनी युद्धासाठी उपयोगी कामे हाती घेतली. आगीची सूचना देणारी यंत्रणा, जखमेत अडकलेला गोळीचा किंवा बॉम्बचा तुकडा शोधणारे उपकरण, हृदयाला विजेने चालना देणारे उपकरण अशी ती कामे होती. त्यांनी रक्तदानही केले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सामान्य नागरिकाचे रोजचे रेशन १२५ ग्रॅम पावावर आले, आणि तो पावही भेसळीचा. बाहेर कडाक्याची थंडी, घरात ऊब नाही. अशा स्थितीत शरीर आधी साठवलेली चरबी जाळते, मग स्नायू, आणि शेवटी हृदयाचा स्नायूही त्यातून सुटत नाही. त्या वेढ्यात लाखो नागरिक गेले. लोसेव्ह २२ जानेवारी १९४२ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी गेले. त्यांचा अखेरचा लेख त्या गोंधळात हरवला, तो पुन्हा सापडला नाही.

त्यांच्या हाती असलेला पदार्थही काहीसा कमनशिबी होता. कार्बोरंडममध्ये बहुतेक ऊर्जा उजेडाऐवजी आतल्या आत जिरून जाते, त्यामुळे त्याचा ठिपका कधी खोली उजळू शकला नसता. १९६२ मध्ये गॅलियमच्या संयुगातून लाल उजेड मिळाला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅलियम नायट्राइडमधून तेजस्वी निळा. निळ्या चिपवर पिवळसर लेप दिला, की पांढरा उजेड तयार होतो. आज शेडच्या छताला टांगलेला जवळपास प्रत्येक पांढरा एलईडी असाच बनलेला असतो.

आता हिशेब पाहू. ४०० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा चोकसह सुमारे ४४० वॉट वीज घेतो. त्याच्या जागी १८० वॉटचा एलईडी लावला, तर एका दिव्यामागे २६० वॉट वाचतात. समजा एका शेडमध्ये असे १०० दिवे आहेत आणि ते रोज १२ तास लागतात. रोजचे ३१२ युनिट वाचले. १५० दिवसांच्या गाळपात ही बचत ४६,८०० युनिटपर्यंत जाते. ज्या कारखान्यांत बगॅसवर वीज तयार होते, तिथे वाचलेले युनिट ग्रिडला विकता येते.

कामगाराच्या दृष्टीने बिलाइतकेच महत्त्वाचे आणखी काही आहे. जुना मेटल हॅलाइड दिवा वीज क्षणभर गेली तरी विझतो आणि पुन्हा पेटायला दहा मिनिटे, कधी त्याहूनही जास्त वेळ घेतो. फिरत्या रोलरजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी ही दहा मिनिटे धोक्याची असतात. एलईडी लगेच पेटतो. त्यात पाराही नसतो. जुने दिवे काढताना मात्र ते फोडून उकिरड्यावर टाकू नयेत, कारण त्यांतला पारा हवेत आणि मातीत जातो. ते ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावेत.

एलईडी लावला म्हणजे सगळे आपोआप साधले, असे मात्र नाही. प्रकाश थंड असला तरी चिप गरम होते, आणि तिची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधून बाहेर जावी लागते. त्या पात्यांवर बगॅसचा भुसा साचला किंवा दिवा बॉयलरच्या वर टांगला, तर त्याचे आयुष्य घटते. स्वस्त ड्रायव्हर असलेला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण डोके दुखू शकते आणि वेगाने फिरणारे चाक थांबल्यासारखे भासू शकते. वर पाहिल्यावर डोळे दिपत असतील, तर खाली सावल्या गडद होतात. पुरेसा उजेड द्यावा, आणि डोळे दिपणार नाहीत किंवा सावल्यांमुळे अपघात होणार नाही अशी व्यवस्था करावी, हे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १७ मध्येच लिहिलेले होते. शिवाय वय वाढते तसा डोळ्याचा भिंग पिवळसर होतो आणि बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तरुण सुपरवायझरला पुरेसा वाटणारा उजेड जुन्या फिटरला अपुरा पडू शकतो.

म्हणून दिवे बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर लक्समीटरने उजेड मोजायला हवा. तोही छताकडे पाहून नव्हे, तर जिथे कामगाराचा हात चालतो त्या उंचीवर, रात्रपाळीत, आणि सर्वांत जुन्या कामगाराला सोबत घेऊन. लोसेव्ह यांनी डोळ्यांना काय दिसते यावर विसंबून निष्कर्ष काढला नव्हता. तपासायला त्यांच्याकडे बेंझिनचा एक थेंब होता, तेवढ्यावर त्यांनी खरे-खोटे करून घेतले. लक्समीटर आज काही हजार रुपयांत मिळतो.