कोड्यांचे बादशहा : सॅम लॉइड



१ ते १५ अंकांचे सरकते ठोकळे आपण सगळेच लहानपणी खेळलोय. घरं सोळा, त्यातलं एक रिकामं. या खेळाशी जोडलं गेलेलं नाव म्हणजे सॅम लॉइड.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १८४१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले. बुद्धिबळाचा भारी नाद! वयाच्या १४ व्या वर्षीच त्यांनी रचलेले बुद्धिबळाचे कोडे वर्तमानपत्रात छापून आले. पुढे ते गणिती कोडी रचू लागले. १८९६ मध्ये त्यांनी एक गोल चकती काढली. ती थोडी फिरवली की १३ माणसांतला एक गायब!

१९०७ मध्ये त्यांनी 'अवर पझल मॅगझिन' हे फक्त कोड्यांचे नियतकालिक सुरू केले. त्यांच्या कोड्यांचे वैशिष्ट्य म्हणजे कोरडे गणित नाही. आधी चित्र, मग छोटीशी गोष्ट आणि गोष्टीत दडलेला प्रश्न. १० एप्रिल १९११ रोजी त्यांचे निधन झाले. १९१४ मध्ये मुलाने त्यांच्या कोड्यांचा जाडजूड कोश प्रसिद्ध केला.

आता दुसरी बाजू. सरकत्या ठोकळ्यांचा खेळ आपणच शोधला, असे लॉइड १८९१ पासून सांगत राहिले. प्रत्यक्षात तो नॉइस चॅपमन नावाच्या पोस्टमास्तरांचा. १८८० मध्ये त्या खेळाने अमेरिकेला वेड लावले, तेव्हा लॉइड यांचा त्याच्याशी संबंधच नव्हता. फक्त १४ आणि १५ ची अदलाबदल करून दाखवा, १००० डॉलर मिळवा, असे बक्षीसही त्यांनी लावले. ते कुणालाच मिळणार नव्हते! कारण रिकामे घर मूळ जागी परत यायला सम संख्येतच चाली लागतात आणि एका जोडीची अदलाबदल विषम चालींनीच होते. हे गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध केले होते. आपली कोडी लॉइड स्वतःच्या नावावर छापतात, अशी इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनी यांचीही तक्रार होती.

मग मुलांना हे सांगायचं का? मी सांगते. लॉइड हुशार होतेच, पण दुसऱ्याचं श्रेय घ्यायची त्यांना गरज नव्हती. आता वर्गात कुणी कोडं घातलं की फळ्यावर त्याखाली ते कुणाकडून ऐकलं तेही लिहितो. आजी, मामा, शेजारची ताई... मुलं आवर्जून नाव सांगतात. तुम्हीही करून बघा.