जेम्स मॅडिसन आणि अमेरिकेची हक्कांची सनद

राज्यकर्ता सज्जन असला म्हणजे प्रजा सुखी होते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो सज्जन नसला तर प्रजेनें काय करावें, ह्याचा विचार फार थोड्यांनीं केला आहे. ज्यांनीं तो केला त्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन ह्यांचें नांव प्रमुख आहे. त्यांचें चरित्र वाचकांस बोधप्रद होईल असें वाटून तें येथें थोडक्यांत देतों.

मॅडिसन ह्यांचा जन्म ता. १६ मार्च १७५१ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांत झाला. त्यांचे वडील मोठे जमीनदार असून त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत असत. बारा भावंडांत जेम्स थोरले. शरीर लहानखुरें, प्रकृति अशक्त, आणि आवाज इतका हळू कीं मोठ्या सभेंत त्यांचें बोलणें पुष्कळांस ऐकूं येत नसे. विद्येची आवड मात्र विलक्षण. न्यू जर्सी येथील कॉलेजांतील अभ्यासक्रम त्यांनीं दोन वर्षांत पुरा केला, आणि आणखी कांहीं महिने राहून तेथील मुख्य, प्रेस्बिटेरियन पाळक जॉन विदरस्पून, ह्यांजपाशीं हिब्रू भाषेचें अध्ययन केलें.

त्या काळीं व्हर्जिनियांत इंग्लंडची मंडळी ही सरकारी मंडळी होती. तिच्या पाळकांच्या पगारासाठीं सर्वांकडून कर घेत, आणि परवान्यावांचून उपदेश करणाऱ्या बाप्तिस्ट उपदेशकांस तुरुंगांत घालीत. १७७४ सालीं मॅडिसन ह्यांच्या शेजारच्या जिल्ह्यांत असे पांच-सहा उपदेशक कैदेंत होते. मॅडिसन स्वतः बाप्तिस्ट नव्हते. सरकारचा आश्रय असलेल्या मंडळींतच ते वाढले होते. तरी हा अन्याय त्यांच्या मनास फार लागला.

दोन वर्षांनीं वसाहतींनीं इंग्लंडचें राज्य झुगारलें, तेव्हां व्हर्जिनियांत हक्कांचा जाहीरनामा तयार झाला. जॉर्ज मेसन ह्यांच्या मसुद्यांत सर्वांचे धर्माचार सरकारनें सहन करावे अशा अर्थाचे शब्द होते. पंचवीस वर्षांच्या मॅडिसननीं ते बदलविले, आणि धर्माचरणाचें स्वातंत्र्य हा सर्वांचा सारखा हक्क आहे असें घालविलें. भेद लहान दिसतो, पण तो मोठा आहे. जो आज कृपा म्हणून सहन करितो तो उद्यां तसें न करील. हक्क मात्र कोणाच्या कृपेवर अवलंबून नसतो.

पुढील वर्षींच्या निवडणुकींत मतदारांस दारू पाजण्याची चाल पाळण्यास त्यांनीं नकार दिला, आणि ते पडले. १७८४ सालीं ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठीं सर्वांवर कर बसविण्याचें बिल पॅट्रिक हेन्री ह्यांनीं पुढें रेटलें. त्याविरुद्ध मॅडिसन ह्यांनीं अर्ज लिहून त्यावर लोकांच्या सह्या घेतल्या. बाप्तिस्टांनींही आपले अर्ज पाठविले, आणि तें बिल मागें पडलें.

तेरा संस्थानें स्वतंत्र झालीं खरीं, पण त्यांचें मध्यवर्ती सरकार इतकें दुबळें होतें कीं त्यास कर बसविण्याचाही अधिकार नव्हता. हा दोष काढण्यासाठीं १७८७ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फिया शहरीं सभा भरली व तींत ५५ प्रतिनिधि आले. मॅडिसन ह्यांनीं प्राचीन व अर्वाचीन संघराज्यांचा इतिहास वाचून योजना आधींच तयार ठेविली होती. ते रोज पुढें बसून सर्वांचीं भाषणें टिपून घेत. ता. १७ सप्टेंबर रोजीं ३९ जणांनीं नव्या राज्यघटनेवर सह्या केल्या.

मनुष्यस्वभावांत लोभ आहे हें धरूनच ही घटना रचिली आहे. सर्व सत्ता एकाच्या हातीं जाऊं नये म्हणून तिचे तीन वांटे केले. कायदे करणें काँग्रेसकडे. तिच्या दोन सभा: प्रतिनिधिसभेंत लोकसंख्येच्या मानानें सभासद, आणि सिनेटांत प्रत्येक संस्थानाचे, तें लहान असो वा मोठें, दोन. कायदे अंमलांत आणणें अध्यक्षाकडे. त्याची मुदत चार वर्षांची. न्याय करणें न्यायाधीशांकडे. त्यांचें वर्तन चांगलें आहे तोंपर्यंत त्यांस कोणी काढूं शकत नाहीं. शिवाय एकाचा दुसऱ्यावर दाब आहे. काँग्रेसचा कायदा अध्यक्ष नाकारूं शकतो. पण दोन्ही सभांनीं दोन-तृतीयांश मतांनीं तो पुन्हां पसार केला तर अध्यक्षाचें कांहीं चालत नाहीं. अध्यक्षानें मोठा गुन्हा केल्यास प्रतिनिधिसभा आरोप ठेविते, व सिनेट चौकशी करून त्यास दूर करूं शकते.

ह्या घटनेंत हक्कांची यादी मात्र नव्हती. सत्ता वांटली आहे तेवढें पुरे, असें मॅडिसन ह्यांस प्रथम वाटे. पण ज्यांनीं तुरुंग पाहिला होता त्या बाप्तिस्ट लोकांस भीति वाटली. मॅडिसन ह्यांनीं त्यांचें म्हणणें ऐकिलें. १७८९ च्या जानेवारींत बाप्तिस्ट पाळक जॉर्ज ईव्ह ह्यांस पत्र लिहून हक्क घटनेंत घालण्यास झटण्याचें त्यांनीं कबूल केलें. त्या निवडणुकींत जेम्स मन्रो ह्यांच्यावर ३३६ मतांनीं त्यांचा जय झाला, आणि मतें मिळाल्यावर ते वचन विसरले नाहींत. ता. ८ जून रोजीं त्यांनीं काँग्रेसपुढें दुरुस्त्या मांडिल्या; त्यांपैकीं दहा ता. १५ डिसेंबर १७९१ रोजीं मंजूर झाल्या. हीच हक्कांची सनद.

तिच्या पहिल्या कलमानें काँग्रेसला कोणताही धर्म सरकारी करण्याची व धर्माचरणास अडथळा करण्याची मनाई केली. बोलणें, छापणें, शांतपणें जमणें व सरकारकडे दाद मागणें हे हक्क राखिले. इतर कलमांप्रमाणें योग्य कारणावांचून घराची झडती होऊं नये. कोणास स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडूं नये. आरोपीची चौकशी लवकर, उघडपणें व ज्यूरीसमोर व्हावी, आणि त्यास वकील मिळावा.

१८०९ ते १८१७ पर्यंत ते अध्यक्ष होते. त्या काळांत इंग्लंडशीं युद्ध झालें व १८१४ सालीं शत्रूनें राजधानी जाळली. ह्याच युद्धाच्या धामधुमींत, १८१३ च्या फेब्रुवारींत, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले होते.

आतां ह्या चरित्रांतील काळी बाजूही सांगितली पाहिजे. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असें घटनेनें धरलें. गुलामगिरी वाईट आहे हें मॅडिसन जाणत होते. १७८३ सालीं स्वातंत्र्याची इच्छा धरल्याबद्दल बिली नांवाच्या आपल्या गुलामास शिक्षा करणें त्यांस पटेना. तरी त्यांनीं त्यास मुक्त न करितां ठराविक मुदतीसाठीं विकलें. ता. २८ जून १८३६ रोजीं ते वारले, तेव्हां त्यांच्या मृत्युपत्रानें एकही गुलाम सुटला नाहीं. अंतकाळीं त्यांजपाशीं असलेला सेवक पॉल जेनिंग्ज हाही गुलामच होता. तो पुढें स्वतंत्र झाला, आणि मॅडिसन ह्यांची विधवा विपन्नावस्थेंत असतां आपल्या खिशांतून तिला पैसे देत असे.

त्याच्या आठवणी १८६५ सालीं छापल्या गेल्या. त्याच वर्षीं तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी बंद झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें त्या देशांत जन्मलेल्यांस नागरिकत्व व कायद्याचें समान संरक्षण दिलें. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनें वर्णावरून मत नाकारण्यास बंदी केली. आणि १९२० सालीं स्त्रियांस मताधिकार मिळाला. गुलामांच्या ह्या मुक्ततेची वार्ता महाराष्ट्रांतही पोंचली, आणि जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें गुलामगिरी हें पुस्तक अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. तथापि दक्षिणेकडील संस्थानांत कपटानें व दंडेलीनें काळ्या लोकांस मतापासून दूर ठेविलें जाई. १९६५ च्या मताधिकार कायद्यानेंच त्यास खरा आळा बसला.

हक्क कागदावर लिहिला म्हणजे काम संपलें असें नाहीं. पण तो लिहिलेला असला म्हणजे गरीबासही बोट ठेवावयास जागा मिळते. आपल्या देशाच्या १९५० पासून अंमलांत असलेल्या राज्यघटनेंतही मूलभूत हक्क लिहिलेले आहेत. ते प्रत्येकानें वाचावे, न वाचतां येणाऱ्यास वाचून दाखवावे, आणि शेजाऱ्याचा हक्क हिरावला जात असतां, तो आपल्या मंडळीचा नसला तरी, त्याच्यासाठीं अर्जावर सही करावी. मॅडिसन ह्यांचें सर्वांत चांगलें कार्य असेंच सुरू झालें.